वडिलांचे डोळे

"डोळ्यांत जरा माया आणा," गल्लीच्या मंडळाचे अध्यक्ष म्हणाले आणि बशीतला चहा त्यांनी फुर्रकन ओढला. "तुमच्या हातात जादू आहे, ताई. मंडळाच्या सभागृहात कायमची लावू वडिलांची तसबीर."

ती नाटकांचे पडदे आणि दुकानांच्या पाट्या रंगवायची. गल्लीतल्या निम्म्या पाट्या तिच्याच हातच्या. वडील जाऊन आठवडा होत आला होता आणि तेव्हापासून घरात माणसांचा राबता होता. येणारा प्रत्येक जण तिचा हात आपल्या घामट हातात धरायचा आणि बराच वेळ सोडायचा नाही. शिंपीणकाकू रोज येऊन डोळ्यांना पदर लावायच्या आणि पदराआडून घरात कुठं काय ठेवलंय ते बघून घ्यायच्या. वडील अंथरुणाला खिळले होते तेव्हा वास येतो म्हणून हीच माणसं खिडक्या लावून घ्यायची.

तेही तिनं पोटात घातलं असतं. पण त्यांचं बोलणं तिला ऐकवायचं नाही. बापानंच तुझ्या हातात ब्रश दिला, तुझं कौतुक करताना थकायचे नाहीत, देवमाणूस होता हो.

या देवमाणसानं तिचा पहिला पडदा दारात पायपुसणं म्हणून टाकला होता. शाळेच्या नाटकासाठी केलेला, निळं तळं आणि पलीकडे डोंगर. त्याला पाय पुसून ते आत आले, जेवले आणि झोपले. अख्ख्या गल्लीनं तो पडदा दारात पडलेला पाहिला होता. शेवटच्या दिवसांत ती चमच्यानं दूध पाजायची, तेव्हाही ते तिच्याकडे असं बघायचे, जणू दूध नासलेलंच असणार. तरी त्यांची कूस बदलायला ती अजून पहाटे उठायची आणि मग रिकाम्या खाटेशी उभी राहायची. तिथं तिला रडू यायला लागायचं, तेवढ्यात कुणीतरी दारात हजर, की देवमाणसाचं पुराण सुरू. ज्याच्यासाठी रडायचं तो माणूसच ही मंडळी पुसून टाकत होती आणि त्याच्या जागी कुठला तरी गुळगुळीत, परका म्हातारा आणून बसवत होती.

तिनं चित्र काढायचं कबूल केलं. अध्यक्षांनी आणून दिलेला हसरा फोटो तिनं उपडा ठेवला आणि आठवेल तसं रंगवत गेली.

शोकसभेला सभागृह भरलं होतं. अध्यक्ष बोलता बोलता दोनदा गहिवरले, तेही नेमके माइकजवळ वाकून. मग त्यांनी चित्रापुढचं कापड ओढलं.

तोंडाची एक कड खाली ओढलेली, एक भुवई चढलेली, आणि समोरच्याच्या हातून काहीच धड होणार नाही अशी खात्री असलेले डोळे. बापाचं असं कुणी काढतं का, असं शिंपीणकाकू शेजारणीच्या कानात म्हणाल्या, पण ते शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

"दुःखात भान राहत नाही माणसाला," अध्यक्ष सावरून घेत म्हणाले. "ताई, थोडं दुरुस्त करता येईल ना?"

"नाही," ती म्हणाली. "ते असेच होते."

मागून कंपाउंडरकाका उठले. वडिलांना इंजेक्शन द्यायला ते रोज घरी यायचे. चित्राच्या अगदी जवळ जाऊन त्यांनी चष्मा वर सरकवला.

"असाच बघायचा," ते म्हणाले. "सुई टोचली की असाच. एवढे दिवस गेलो, एकदाही 'बस जरा' म्हणाला नाही." त्यांनी चष्मा परत नाकावर घेतला. "पण संध्याकाळी पिशवी उचलतो आणि मग आठवतं, तो गेला. चैन पडत नाही बघ."

तिला रडू फुटलं. नाक गळेपर्यंत, बघवणार नाही असं ती रडली. लगेच चार हात तिच्या पाठीवरून फिरू लागले. रड, मोकळी हो, असं कुणीकुणी म्हणू लागलं. पाल अंगावर पडल्यासारखे तिनं ते झटकून टाकले. कंपाउंडरकाका खुर्ची ओढून शेजारी बसले. तेवढ्यात बाहेर चहा आल्याची कुजबुज झाली आणि सभागृह बघता बघता रिकामं झालं.

नाक पुसून तिनं चित्र खाली उतरवलं. तसबीर इथं लावायची नाही हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. एक बाजू काकांनी धरली. रंग अजून ओला होता.

"तोंड आतल्या बाजूला करू का?" काकांनी विचारलं.

"नको. दिसू दे."

चहाचे कप सांभाळत उभी असलेली माणसं कपड्यांना डाग पडेल म्हणून भराभर बाजूला झाली, आणि त्यांच्यामधून वडील एकेकाकडे तसेच बघत घरी निघाले.