मयताचं पत्र घरात ठेवीत नाहीत

विपुलच्या नेटकॅफेत कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर सुप्रियानं चौथ्यांदा पत्ता टाकला, चौथ्यांदा पासवर्ड टाकला, आणि चौथ्यांदा पडद्यावर तेच लाल अक्षरांतलं इंग्रजी वाक्य उमटलं. अशा नावाचं खातंच नाही. पासवर्ड चुकलाय असं नव्हे, थोड्या वेळानं बघा असंही नव्हे. दोन वर्षं ज्या पत्त्यावर तिच्या भावाची पत्रं येत होती तो पत्ताच नाही.

"विपुलदादा, हे बघ ना काय म्हणतंय."

एरवी कुणाचं काही अडलं की हा माणूस गल्ल्यावरून उडी मारून येणारा. आज त्यानं हातातल्या वीजबिलातून मान वर काढली नाही. खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही. सुप्रिया उठून त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली, तेव्हा तो बिलालाच म्हणाला, "ते खातं बंद झालं. परवा. कायमचं."

आता ही पत्रं कसली ते सांगायला हवं. सुप्रियाचं घर पोलादपूरच्या वरच्या डोंगरात, अठरा उंबऱ्यांच्या वाडीवर. थोरला भाऊ राजू नात्याच्या जितेशच्या ओळखीनं त्याच्याच मालवाहू जहाजावर भटारखान्यात लागला. जहाजावरून फोन करायचा तर पगार तिथंच उडायचा. म्हणून सुप्रिया अकरावीला महाडला होती तेव्हा तिनं विपुलकडून हे खातं उघडून घेतलं. जहाज बंदराला लागलं की राजू इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचा, सुप्रिया ते चवदार तळ्याजवळच्या या दुकानात बसून वाचायची, आणि शनिवारी वाडीवर जाऊन आईला सांगायची. कागदावर उतरवून घ्यायचं कधी कुणाला सुचलं नाही. आई बायजेला अक्षर येत नव्हतं, आणि मशीन सगळं जपून ठेवतं असा सुप्रियाचा पक्का समज होता.

बायजा ऐकायची ती खोदून खोदून. काळ्या बैलाचं विचारलंन काय, जेवतो काय, काय खातो, कुणाच्या हातचं. मग सुप्रिया थोडं पदरचं घालायची, थोडं गाळायची. सांगणाऱ्याला तेवढी मुभा असतेच, असं तिला वाटायचं. मोठी शहाणी पोर! या शहाणपणानंच घात केला.

श्रावणात राजूचं शेवटचं पत्र आलं. त्यात लिहिलं होतं, "अंगात बारीक ताप असतो. अन्न जात नाही. पुढच्या बंदरात उतरून घरी यावं असं वाटतं. आईला विचार, येऊ का? ती म्हणेल तसं करतो." सुप्रियाला त्याच आठवड्यात डी.एड.ला प्रवेश मिळाला होता आणि तिची सगळी भिस्त राजूवर होती. शिवाय पहिल्या वर्षीही त्यानं असंच रडगाणं गायलं होतं आणि मग रुळला होता. आईला सांगावं तर ती चुलीपुढं बसून डोळे गाळणार. म्हणून तिनं तिथल्या तिथं उत्तर लिहिलं, "आई म्हणते चार महिनेच राहिलेत, काढ." आणि आईला जाऊन सांगितलं की राजू खुशाल आहे, गणपतीला मात्र जमत नाही म्हणतो.

राजूनं चार महिने काढले नाहीत. तीन आठवडेही काढले नाहीत. गणपतीच्या दोन दिवस आधी जितेशचं पत्र त्याच खात्यावर आलं, की ताप डोक्यात गेला, बंदर दोन दिवसांवर होतं, राजू गेला.

विपुलनं ते कागदावर छापून दिलं. वाडीवर मयताचं पत्र उंबऱ्याच्या आत आणत नाहीत. अंगणात वाचायचं, तिथंच फाडायचं, वईच्या, म्हणजे कुंपणाच्या, बाहेर टाकायचं आणि अंघोळ करूनच घरात पाऊल ठेवायचं. सुप्रियाच्या वडिलांनी, दत्तारामनं, तेही केलं. अकराव्या दिवशी देह आला, वाडीवरच अग्नी दिला. पुढं कधीतरी ओटीवर बसलेल्या म्हाताऱ्या कोंडाजीनं, ज्याला नसत्या उठाठेवींशिवाय दुसरं काम नाही, विचारलं, "कागद फाडलात, पन मूळ पत्र कुठं हाय?" सुप्रियानं सांगितलं, ते तिकडंच, आमच्या खात्यात. कोंडाजीनं मान हलवली. "म्हंजे मयताचं पत्र अजून तुमच्याच घरात की गो."

दसऱ्याला बायजेनं अचानक मागणी केली. राजूची सगळी पत्रं कागदावर आण आणि पहिल्यापासून वाचून दाखव, तुझ्या तोंडचं नको, त्यानं लिवलंय तसं. आणि शेवटचं सगळ्यात आधी. बाकीची आणायची आणि शेवटचं गाळायचं, असं मनाशी ठरवून सुप्रिया आज दुकानात आली होती. आणि इथं गाळायलाही काही उरलं नव्हतं.

"कुणी बंद केलं?"

"तुझे बाबा आले होते." विपुलनं एकदाचं बिल खाली ठेवलं. "मयताचं पत्र फाडून टाक म्हणाले."

पासवर्डचा प्रश्नच नव्हता. निम्म्या तालुक्याचे पासवर्ड विपुलच्या वहीत होते. लोक पोस्टमनला पत्ता सांगावा तसे त्याला सांगून जात.

"म्हणून सगळं खातं? दादा, तुला तरी अक्कल नाही? उघड परत."

विपुलनं तिच्या देखत सगळं करून दाखवलं. परवा कंपनीला लिहिलेली विनवणी दाखवली, तिचं आलेलं उत्तर दाखवलं. खातेदारानं स्वतः काढून टाकलेलं खातं आणि त्यातला मजकूर पुन्हा मिळत नाही, एवढाच त्याचा अर्थ. सुप्रिया ऐकेना, तेव्हा त्यानं त्याच नावानं नवं खातं उघडून दिलं. नाव मिळालं, अगदी तेच. आत एकच पत्र होतं, कंपनीचं, स्वागताचं. आपल्या मित्रांना आणि घरच्यांना पहिलं पत्र लिहा, असं त्यात होतं. सुप्रियानं पडदा हातानं झाकला.

मग तिचा तोल गेला. दुकानात दोन गिऱ्हाईकं बसलेली, त्यांच्यादेखत ती ओरडली, "अडाणी ते अडाणीच! कोंडाजी काहीतरी बरळतो आणि हे माझ्या भावाची पत्रं जाळून मोकळे होतात. एक पत्र काढायचं तर सगळा भाऊ काढून टाकला!"

"अडाणी म्हणू नको त्यांना," विपुल म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, पण सुप्रिया थांबली. "मी शब्द दिलाय त्यांना न सांगण्याचा. पण तू हे बोलतेस ते मला ऐकवत नाही."

त्यानं तिला बाहेर पायरीवर नेलं.

"आले, टोपी काढून बसले. मी म्हटलं, काका, जितेशचं पत्र तेवढं काढतो, एका मिनिटाचं काम. तर म्हणाले, माझ्या पोराची पत्रं मी कधी ऐकली नाय, बायकोच ऐकायची. आधी सगळी वाच, मंग फाड. दोन तास वाचत होतो मी. मधे हसले पण एकदा. मग ते शेवटचं आलं, आणि त्याच्याखाली तू पाठवलेलं उत्तर."

सुप्रिया खाली बसली.

"मी वाचायला नको होतं, सुप्रिया. पण वाचण्याच्या ओघात वाचून गेलो. त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मग विचारलं, हे एवढं पुसलं तर कुणाला परत दिसंल काय? मी म्हटलं, काही दिवस कचऱ्याच्या डब्यात राहतं. तर म्हणाले, नको, पेटी राहिली की कधीतरी कुणीतरी उघडणार आणि सुप्रियाच्या आयला वाचून दाखवणार. पेटीच मोड. मी समजावलं. मशीननंही तीनदा विचारलं, नक्की का, परत मिळणार नाही. त्यांना ते वाचून दाखवलं. म्हणाले, एक पोर गेलं, ते पन परत मिळायचं नाय. दुसरी आयच्या मनातनं जायला नको."

सुप्रियाला रडू आलं नाही. लाज वाटली, अंगावरचे कपडे नकोसे व्हावेत इतकी लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, ती पोलादपूरला एस.टी.तून उतरून डोंगर चढली. वाडीच्या अलीकडे दत्ताराम गवताचा भारा टाकून बसला होता. तिचीच वाट बघत असावा.

"पत्रं गेली," तो म्हणाला. "मयताचं पत्र होतं म्हनून मीच मोडली. तुझ्या आयला सांगितलंय."

"मग?"

"मग काय. बोलत नाय माझ्याशी. भाकर ठेवते नि जाते." त्यानं गवताची काडी मोडली. "तुला इचारील शेवटच्या पत्राचं. खुशाली होती म्हन. आधी सांगितलंस तसंच."

"बाबा, तुमी—"

"तसंच म्हन," तो म्हणाला आणि भारा डोक्यावर घेऊन पुढं चालू लागला. पस्तीस वर्षांच्या संसारात बायजेशी न बोलता दोन दिवस काढायची वेळ त्याच्यावर आली नव्हती, आणि आता तो ती जन्मभर काढायला तयार होता. सुप्रिया त्याच्यामागं चालत राहिली.

बायजा पडवीत नाचणी पाखडत होती. लेकीला बघून तिनं सूप खाली ठेवलं.

"आलीस? कळलं न्हवं तुझ्या बापाचं शानपन? पोर गेलं, त्याचं बोलनं तेवढं उरलं होतं, ते पन मोडलान." दत्ताराम खांबापाशी उभा होता. तिनं त्याच्याकडं पाहिलंही नाही. "आता तुला याद असंल तेवढंच माझ्या वाटनीचं. बस गो. शेवटचं आधी सांग. काय लिवलं होतंन?"

"खुशाली होती," दत्ताराम म्हणाला. "सांगितलं ना तुला."

"तुला कोन इचारतंय?"

सुप्रिया बसली. खोटं तयार होतं, एकदा सांगून झालेलं, घोटलेलं. पत्र नव्हतं, पुरावा नव्हता, बापानं स्वतः सगळा रस्ता साफ करून दिला होता. फक्त तोंड उघडायचं होतं. पण त्या खोट्याचं बिल रोज कोण भरणार ते तिनं आत्ताच पाहिलं होतं. तो खांबापाशी उभा होता, घामेजलेला, आपल्याच पडवीत बसायचं धाडस न होणारा.

"त्यानं लिवलं होतं," सुप्रिया म्हणाली, आणि तिला शब्द न् शब्द पाठ होता, "अंगात बारीक ताप असतो. अन्न जात नाही. पुढच्या बंदरात उतरून घरी यावं असं वाटतं. आईला विचार, येऊ का? ती म्हणेल तसं करतो."

"सुप्रिये," दत्ताराम पुटपुटला.

बायजेनं तिच्या तोंडाकडं पाहिलं. तिला गणित जुळवायला वेळ लागला नसणार. गणपतीला येत नाही म्हणतो, हे याच पडवीत तिनं ऐकलं होतं.

"मंग?"

"मी उत्तर लिवलं. आई म्हणते, चार महिनेच राहिलेत, काढ. बाबांनी ते ऐकलं म्हणून पेटी मोडली. तुला कळू नये म्हणून. माझ्यासाठी."

बायजेनं नवऱ्याकडं पाहिलं, दोन दिवसांनी पहिल्यांदा. तो तिथंच खाली बसला. मग ती लेकीकडं वळली. सुप्रियाला वाटलं, आता ती मारील, आणि मारील तर बरं होईल.

"इचारलंन त्यानं मला," बायजा म्हणाली. "आनि जबाब दिलास तू."

"हो."

"माझ्या नावानं."

"हो, आये."

बायजेनं सूप ओढून मांडीवर घेतलं, पण पाखडलं नाही. आवाजात राग नव्हता. लहान पोराला हाक मारावी तशी ती हळू बोलली, आणि सुप्रियाला तेच सोसवलं नाही.

"मी ये म्हनले असते गो."