खोडायचं बटण

मित्रांनो, एकदा एक पत्र आलं होतं आणि त्याला उत्तर द्यायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणणं तरी खरं आहे का? उत्तर कितीतरी वेळा लिहिलं गेलं आणि प्रत्येक वेळी खोडलं गेलं. लिहिलं माझ्यावर, खोडलंही माझ्यावरच. म्हणून ही हकिगत मी सांगायला घेतली आहे. ती मला नीट सांगता येईल याची खात्री नाही. मी एक जुना कीबोर्ड आहे. आजवर दुसऱ्यांचे शब्द पुढे ढकलले, एवढंच माझं काम.

माझ्या बटणांवरची अक्षरं आता पुसट झाली आहेत. पण उजव्या बाजूला वर जे लांबट बटण आहे, ते पुसट होऊन थांबलं नाही. ते घासून घासून चकाकायला लागलं. ते खोडायचं बटण.

माझा जन्म कारखान्यातल्या सरकत्या पट्ट्यावर झाला. एका कामगार बाईने माझं एकेक बटण दाबून पाहिलं, मान डोलावली आणि मला खोक्यात घातलं. तेवढंच माझं बालपण. खोकं उघडलं ते एका वाचनालयात. तिथले ग्रंथपाल म्हणजे आपले आजोबा. पुस्तकांच्या पाठीवर चिकटवायच्या चिठ्ठ्या असतात ना, त्या त्यांनी बारीक कापल्या, त्यांवर मराठी अक्षरं काढली आणि माझ्या बटणांवर चिकटवली. अक्षर इतकं रेखीव, की मला जरा गर्वच झाला. वाचनालयातल्या सगळ्या पुस्तकांची नावं माझ्यावरून गेली. आजोबा माणसांशी फारसं बोलत नसत. कोणी पुस्तक मागितलं की बोटाने कपाट दाखवत. माझ्याशी मात्र त्यांची बोटं दिवसभर बोलत.

पुढे नवी यंत्रं आली आणि मला कोपऱ्यात टाकलं. निवृत्तीच्या दिवशी आजोबा माझ्याजवळ बराच वेळ घुटमळले. "घरी न्यायचाय का? न्या की, भंगारच आहे ते!" कारकून म्हणाला. असा मी कापडी पिशवीतून घरी आलो आणि कपाटावर धूळ खात पडलो.

मग आजोबांना घशाचा कॅन्सर झाला. जीव वाचवायचा तर आवाज द्यावा लागेल, असं डॉक्टर म्हणाले. घशातला आवाजाचा भाग काढून टाकला आणि श्वासासाठी गळ्याखाली एक भोक ठेवलं. आजोबा घरी आले, पण त्यांची हाक घरी आली नाही.

भेटायला येणारे लोक त्यांच्याशी मोठमोठ्याने ओरडून बोलत. आजी वैतागून म्हणत, "अहो, ऐकू येतं त्यांना! बोलता येत नाही!" मग लोक त्यांच्याशी बोलणंच सोडून देत आणि त्यांच्यासमोर आजींना विचारत, "जेवतात का नीट?"

"समोर बसलेत, त्यांनाच विचारा," आजी म्हणत.

कोणीही विचारलं नाही.

शेवटी त्यांच्या मुलाने मला खाली काढून पुसलं आणि संगणकाला जोडलं. "बाबा, नवीन आणून देतो, हे डबडं कशाला?" असं तो म्हणाला. आजोबांनी माझ्यावरच लिहिलं, "हाच बरा." कित्येक दिवसांनी ते बोलले होते, आणि ते शब्द माझ्यातून गेले होते.

इंटरनेटवर एक गट होता. आवाज गेलेल्या किंवा जायची पाळी आलेल्या माणसांचा. नाव होतं 'मौनी मंडळ'. एका बस कंडक्टरने तो सुरू केला होता. आजोबा लिहायचे आणि आलेलं सगळं शेजारी बसून आजी मोठ्याने वाचायच्या. त्यांना उत्सुकता फार. म्हणून तर मला सगळं ठाऊक आहे.

"आयुष्यभर 'पुढे सरका, पुढे सरका' म्हणून घसा फोडला," कंडक्टरने लिहिलं होतं. "कोणी हललं नाही. आता गळ्याचं भोक बघून आपोआप सरकतात."

आजोबांचे खांदे हलले. आजी वाचता वाचता थांबल्या. "हसताय? हसताय तुम्ही?" मग स्वतःच डोळे पुसत म्हणाल्या, "आवाज होता तेव्हा बोलला नाहीत, आणि आता बघा, तासन् तास गप्पा!"

खरंच होतं ते. खोकला भोकातून येतो तेव्हा पाहुण्यांसमोर काय करायचं, अंघोळीला पाणी आत जाऊ नये म्हणून कसं बसायचं, चारचौघांत लाज वाटते ती कधी जाते, हे घरच्या कोणाला विचारता येत नव्हतं. तिथे विचारता येत होतं. कारण तिथे सगळेच सारखे होते. मी त्यांचा गळा झालो होतो, मित्रांनो. माझ्या आयुष्यातलं तेवढंच सुख.

त्या मंडळात एक शिंपीणबाई होत्या. त्यांचा आवाज अजून होता, पण ऑपरेशन सांगितलं होतं. "काका, कॉलरचा नंबर कळवा," एवढंच त्यांनी एकदा विचारलं आणि टपालाने एक गळपट्टी पाठवली. भोक झाकायची, मऊ सुती, राखाडी रंगाची. मंडळातल्या प्रत्येकाला त्यांनी अशी शिवून दिली होती. आजोबा ती रोज घालू लागले. तिच्यामुळे लोकांची नजर गळ्यावरून उठून पुन्हा तोंडावर आली.

मग ते पत्र आलं. फक्त आजोबांना. आजींनी वाचलं:

"काका, ऑपरेशनची तारीख घ्यायची आहे. हात होत नाही. सगळे म्हणतात, धीर धरा. अहो, धरायला त्याला कुठे टोक आहे ते तरी सांगा! तुम्ही कमी लिहिता, म्हणून तुम्हाला विचारते. शुद्धीवर आल्यावर पहिला दिवस कसा गेला? गोड करून सांगू नका. तुमचं उत्तर आलं की तारीख घेते."

"छान विचारलंय. लिहा," असं म्हणून आजी उठून स्वयंपाकघरात गेल्या.

आजोबांनी लिहायला घेतलं. "पहिला दिवस तसा बरा गेला." खोडलं. पुस्तकात वाचलेलं एक सुंदर वाक्य लिहिलं. खोडलं. मग खरं लिहू लागले. पण आजींच्या चपला वाजल्या आणि त्यांचं बोट त्या लांबट बटणावर गेलं. ते खरं आजींनी वाचू नये, असं त्यांना वाटत होतं.

असे बरेच दिवस गेले. आजींनी एकदा विचारलं, "दिलंत का हो त्या बाईंना उत्तर?" आजोबांनी मान हलवली. त्या मान हलवण्याचा अर्थ आजींनी आपल्याला हवा तसा घेतला. काही लिहिलं गेलेलं नाही, हे मला एकट्याला ठाऊक होतं. आणि मला स्वतःचं तोंड नाही.

शिंपीणबाई मंडळात दिसेनाशा झाल्या. कंडक्टरने हाका मारल्या, कोणी फुलांची चित्रं पाठवली, कोणी जोडलेले हात. असले हात पाठवायला काही लागत नाही. मीही ते एका दाबात पाठवतो. एके दिवशी बाईंच्या धाकट्या बहिणीचं पत्र आलं. आजी वाचू लागल्या:

"काका, ताईने ऑपरेशनची तारीख घेणं पुढे पुढे ढकललं. आता डॉक्टर म्हणतात, ऑपरेशनची वेळ गेली. ती डोळे मिटून पडून असते. वाचून दाखवलं की ऐकते. आवाज शाबूत आहे अजून. काल म्हणाली, काकांना विचार, माझ्यावर रागावलेत का?"

आजींनी चष्मा काढला. "तुम्ही मान हलवली होतीत," त्या म्हणाल्या.

आजोबा खाली माझ्याकडे बघत राहिले. आजींनी खुर्ची ओढली आणि त्यांच्याशेजारी ठाण मांडलं. "लिहा. मी इथून हलणार नाही."

आजोबा लिहू लागले आणि आजी शब्दामागून शब्द वाचू लागल्या.

"पहिला दिवस वाईट होता. जाग आली तशी बायकोला हाक मारली. ओठ हलले, पण हवा गळ्यातूनच निघून गेली. ती पाठमोरी होती, तिला कळलंच नाही. ती वळली तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घेतलं. वाचलो याचा राग आला. हिला हाक मारता येणार नसेल तर डोळे कशाला उघडायचे, असं वाटलं."

आजी थांबल्या. मग म्हणाल्या, "सोंग होतं हे मला तेव्हाच कळलं होतं. झोपलेला माणूस इतके घट्ट डोळे मिटत नाही. पुढे लिहा."

"दुसऱ्या दिवशी तिने हातात पेन्सिल दिली. मी लिहिलं, चहा. चहा मिळाला नाही, पण ती हसली. मग मी उठून बसलो. एवढंच आहे टोक, त्याला धरूनच आजवर आलो. 'ऑपरेशन करून घ्या' हे तीन शब्द मी तेव्हा लिहायला हवे होते. रागावलो नाही. भ्यालो. तुमची गळपट्टी आत्ता गळ्यात आहे."

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी जुन्या वस्तू जपा असं सांगायचं असतं. मला जपलं नाहीत तरी चालेल. उद्या भंगारात गेलो तर माझ्यावाचून कोणाचं अडणार नाही. पण तुम्हाला कोणी खरं काय ते विचारलं, तर उत्तराला घासूनपुसून सुंदर करत बसू नका. तुम्ही शब्द निवडत असता, आणि तिकडे कोणीतरी तारीख पुढे ढकलत असतं.

आजोबांचं बोट सवयीने त्या चकाकणाऱ्या बटणावर गेलं. तिथे ते थांबलं. आजींनी त्यांचा हात धरला नाही. बोट तिथून उचललं गेलं, खाली आलं, आणि आजोबांनी एंटर दाबलं.

उत्तर गेलं.