कडू तेवढं कळतं

शिडीवरून पडून मार्लिस ट्वेटचं डोकं आपटलं, त्याला आठ महिने झाले. हाडं जुळली, पण वास गेला तो गेलाच. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू एवढं कळायचं. बाकी सगळं कोरं. अमेरिकेतल्या यकिमा गावात घरी बिअर करणाऱ्यांच्या मंडळात वीस वर्षं तिच्या नाकाचा दबदबा होता. आता मंडळाचा अध्यक्ष लॉयल हळूच म्हणाला, "कशाला दगदग करतेस? नुसती प्यायला येत जा."

"नाक गेलंय माझं, हात नाही गेले!" असं सुनावून तिनं त्याच शनिवारी सकाळी गॅरेजमध्ये मोठं पातेलं चढवलं.

बिअरला कडवटपणा आणि वास देणारी हॉप्सची बोंडं तिनं तळहातावर चुरडून पाहिली. पिवळी भुकटी बोटांना चिकटली. माल ताजा होता. उकळीत तिनं सढळ हातानं घातली, आणि काही दिवसांनी आंबणं ओसरत आल्यावर वासासाठी आणखी घातली.

बाटल्या तयार झाल्यावर पहिली शेजारच्या ओफेलियाला दिली. ओफेलिया हॉप्सच्या मळ्यावर मुकादम, तोंडाची फटकळ.

"कडू झक्कास झालीय. पण वास कापलेल्या गवताचा येतोय गं! बोंडं फार दिवस ठेवलीस आत."

मार्लिसचा चेहरा पडला. तरी दुसऱ्या दिवशी त्याच बाटल्या घेऊन ती मंडळात गेली.

लॉयलच्या अंगणात सगळ्यांनी घोट घेतले, माना डोलावल्या. लॉयलनं गुणांचा कागद दिला. पन्नासपैकी बेचाळीस. वासापुढे लिहिलं होतं, 'अप्रतिम'.

तिनं कागद टेबलावर आपटला. "गवताचा वास मारतेय ही. काल ओफेलियानं सांगितलं मला. माझं नाक गेलंय, तुमच्या नाकांना काय धाड भरली?"

लॉयल कानापर्यंत लाल झाला. "तुला वाईट वाटेल म्हणून..."

"वाईट आत्ता वाटतंय. खोड ते. खरं लिही."

त्यानं खोडलं, लिहिलं. एकोणतीस. मार्लिसनं ओळ न् ओळ वाचली आणि भुवया चढवल्या. "कडवटपणाचे दोन का कापलेस?"

"जास्त झालाय, मार्लिस. जीभ सोलून निघते."

"हे मात्र मला कळतं, लॉयल! घे आणखी एक घोट आणि भांड माझ्याशी."

अर्धा तास दोघं हमरीतुमरीवर होती. शेवटी लॉयलनं एक गुण परत दिला. दुसरा काही केल्या सोडेना. आठ महिन्यांत मार्लिसला एवढं बरं वाटलं नव्हतं.