मधल्या सात रेघा

बुकबाइंडर गेला, पण त्याचा शब्द खोलीतच राहिला.

"वय झालं, मावशी. चालायचंच."

तेही हळू आवाजात, समाचाराला आल्यासारखा. मावशीच्या अंगाचा तिळपापड झाला. शिवी दिली असती तर तिनेही एक दिली असती आणि विषय मिटला असता. पण कणव! कणवेला उलट उत्तर काय द्यायचं?

पुस्तकं दाबायच्या त्याच्या प्रेसची पाटी समोर पडली होती. पाटीत, एकाच तळपट्टीला पक्क्या जोडलेल्या दोन दांड्यांसाठी, मावशीने पाडलेली दोन भोकं. दोन्ही दांड्या एकदम बसेनात. दुसरं भोक पाव मिलिमीटर अलीकडे पडलं होतं. त्या प्रेसचा कारखाना कधीच बंद झालेला. बाइंडरकडे कोऱ्या ओतीव पाट्या दोनच होत्या. एक अशी मातीत गेली. दुसरी तो ठेवून गेला होता, पण कशी, तर "शनिवारपर्यंत बघा, नाहीतर शहरातल्या वर्कशॉपला देतो," असं म्हणून.

एकतीस वर्षं मावशी कारखान्याच्या टूलरूममध्ये होती. "सूतभरही चालणार नाही," हे तिचं पालुपद, म्हणून तिथे तिचं नाव सूतभर पडलं. बारा वर्षांपूर्वी निवृत्त झाली तेव्हा कारखान्याने भंगारात काढलेलं, धातू कापायचं मिलिंग मशीन तिने घरी आणलं. स्वयंपाकघरामागच्या खोलीत, कपडे वाळत घालायच्या दोरीखाली, ते लेकीसारखं नांदत होतं. रोज सकाळी त्याला तेल, मग स्वतःच्या केसांना.

"मशीनला पट्ट्या लाव," भाची म्हणाली. ही बहिणीची मुलगी; लिफ्ट दुरुस्त करायची, आणि मावशीशी भांडायला घाबरत नसे. "टेबल किती सरकलं ते पट्टी मोजते, आकडा इथे दिसतो. एका बऱ्या चपलांच्या जोडाच्या भावात येतात."

"मग चपलाच आण. घालून फिरेन तरी."

"मावशी, ती पाटी शेवटची आहे."

"ते मला सांगतेस? माझे हात आहेत ना? या हँडलचा एक फेरा म्हणजे पाच मिलिमीटर. चकतीवर शंभर रेघा. मी डोळे मिटून मोजते."

"डोळे मिटूनच मोजलं असशील," भाची म्हणाली आणि दाराकडे सरकली.

तरी शुक्रवारी भाची पट्ट्या घेऊन आलीच. हातभर लांबीच्या स्टीलच्या पट्ट्या, त्यांवर सरकणारी डबी, काडेपेटीएवढा पडदा. भाचीने ड्रिल उचललं तसा मावशीने तिच्या हातातून ते हिसकावलं.

"माझ्या मशीनला भोक पाडायचं तर मीच पाडीन. लिफ्टवाल्यांनी हात लावायचा नाही."

आणि पाडलंही. ड्रिल बिडात शिरलं तेव्हा तिचे ओठ घट्ट मिटलेले. लेकीचे कान टोचताना आईचे असतात तसे. मग मात्र तिला राहवेना. पट्टी टेबलाला समांतर आहे की नाही हे डायल गेज फिरवून तिने चारदा पाहिलं. लोखंडाचा कीस डबीत जाऊ नये म्हणून वर रबराची झालर लावली. "एवढीशी जात, आणि नखरे बघा," असं पुटपुटत दुपारपर्यंत तिने ते चपलांच्या भावातलं प्रकरण टूलरूमच्या शिस्तीत बसवून टाकलं.

पाटीला हात लावण्याआधी ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर चाचणी. पहिलं भोक. शून्य केलं. मग दोनशे चाळीस मिलिमीटर, म्हणजे अठ्ठेचाळीस फेरे. मावशी फिरवत राहिली. फेरा मोजताना तिच्या मानेला एक हेलकावा असे, बाळाला झोका देणाऱ्या बाईसारखा. दुसरं भोक. दोन दांड्या घातल्या.

बसेनात.

"बघ!" मावशीचा आवाज तापला. "बघ तुझं यंत्र! खोटं बोलतंय! मी आधीच म्हणत होते. उगाच माझ्या मशीनला टोचायला लावलंस!"

भाचीने कॅलिपर लावला. "दोनशे चाळीस पूर्णांक एक. दहावा हिस्सा जास्त. तू हँडल कुठे थांबवलंस?"

"पडद्यावर दोनशे चाळीस आलं तिथे."

"तिथेच?"

"तिथे, आणि मग दोन रेघा पुढे. टेबल ढकलणारा स्क्रू मधे झिजलाय, तिथे दोन रेघा जास्त द्याव्या लागतात. हे काय कुणी सांगायला हवं?"

 भाचीने फक्त पडद्याकडे पाहिलं, मग मावशीकडे. आणि पुन्हा पडद्याकडे.

मावशीला कळलं. पट्टी टेबलाला मोजत होती, स्क्रूला नव्हे. स्क्रू किती का झिजेना, पडद्याला त्याचं सोयरसुतक नव्हतं. त्या दोन रेघा तिच्या बोटांनी आपणहून दिल्या होत्या, बारा वर्षांच्या सवयीने.

"हसू नकोस," ती म्हणाली.

"हसत नाहीये."

"पोटात हसतेयस. दिसतंय."

मग मावशीने स्टूल ओढलं आणि इंच इंच टेबल सरकवत चकती आणि पडदा यांचा मेळ लावत गेली. टोकाला फरक नाही. पुढे एक रेघ. पुढे तीन. मधे आली तेव्हा टेबल चकतीच्या मागे पडलं होतं सात रेघांनी. दोन नव्हे, सात. तिने पुन्हा पाहिलं. सात.

बारा वर्षं लहान लहान कामं, सगळी टेबलाच्या मधोमध बांधलेली. झीज तिथेच वाढत गेली, आणि दोन्ही भोकं झिजलेल्या भागातच पडत, म्हणून फरक कधी दिसलाच नाही. बाइंडरची पाटी लांब निघाली. पहिलं भोक टोकाला, दुसरं मधे. सातांतून दोन गेल्या, उरल्या पाच रेघा. पाव मिलिमीटर.

"रोज तेल घातलं तुला," ती मशीनला म्हणाली, "आणि एक शब्द बोलली नाहीस!" पण बोलायचं कुणी होतं, मोजायचं कुणी होतं, हे तिला ठाऊक होतं.

पाटी तिने शनिवारी सकाळी केली, भाचीला बाहेर काढून. पडद्यावर आकडा आला तशी बोटं सवयीने पुढे निघाली. तिने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं.

बाइंडर आला. मावशीने दांड्या त्याच्याच हातात दिल्या. त्याने घातल्या, दोन्ही अलगद उतरल्या, टेकल्या. त्याचा चेहरा उजळला. मग त्याला पडदा दिसला.

"अरे वा! हे बसवलंत का? म्हणून जमलं! आता या वयात असं काही हवंच."

"भाऊ, बसा," मावशी म्हणाली. तो बसला. "पडदा सांगतो टेबल कुठे आहे. तिथे नेतो कोण? पडदा?"

"नाही, तसं नाही…"

"तुमची पहिली पाटी मी वाया घालवली. चूक माझी. बारा वर्षं स्क्रू मोजला नाही, मोजलाय असं धरून चालले. ह्याला आळस म्हणतात. माज म्हणतात. तोंडावर म्हणा, ऐकून घेईन. वय म्हणू नका. पंचविशीत हा आळस केला असता, तरी पाटी अशीच गेली असती."

बाइंडर पाटी छातीशी धरून बसला होता. दारातून भाची डोकावत होती.

"म्हणा," मावशी म्हणाली.

"मावशी, मी कसं…"

"म्हणा. त्याशिवाय पाटी दाराबाहेर जाणार नाही." मावशी दार अडवून उभी राहिली.

त्याने घसा खाकरला. "मावशी," तो जमिनीकडे बघत म्हणाला, "तुम्ही आळस केलात."

"केला," मावशी म्हणाली, आणि दारातून बाजूला झाली.