हातभर अंतरावरचा दगड

मित्रांनो, मी एक जुनी सहाचाकी गाडी आहे, पण माझ्या चाकांना कधी रस्ता लागला नाही. एका उंच शेडमध्ये वाळू पसरलेली आहे. तेवढंच माझं जग.

आम्ही दोघी जुळ्या. एकाच कार्यशाळेत, एकाच आराखड्यावरून घडलो. बहीण मंगळावर गेली. तिथे ती अडली तर इथे तसंच अडकून सुटकेची वाट शोधायची, हे माझं काम. मंगळावर प्रत्येक वस्तूचं वजन कमी भरतं, म्हणून माझ्या पोटातली जड यंत्रं काढून मला तिच्याइतकं हलकं केलं. तिची छायाचित्रं आली की सगळे टाळ्या वाजवायचे. मला त्या टाळ्या माझ्याच वाटायच्या.

शेडमध्ये एक भूवैज्ञानिक बाई यायच्या. सगळे त्यांना दगडमावशी म्हणत. माझ्या वाळूत ठेवायला आणलेला प्रत्येक दगड त्या आधी जिभेला लावत.

“मावशी, निदान धुऊन तरी घ्या!” बहिणीला आज्ञा पाठवणारा चालक ओरडायचा.

“अरे, कोरडा दगड जिभेला चिकटला की तो चिकणमातीचा. म्हणजे तिथे कधीतरी पाणी साचलेलं होतं. धुतल्यावर काय कळणार, कपाळ?”

“मग गाडीलाच एक जीभ बसवू या.”

“जीभ बसवशील रे. चाटून बघावंसं वाटणं कुठून आणशील?”

मंगळावर पाणी साचून राहिलं होतं का, हाच मावशींचा आयुष्यभराचा प्रश्न. एकदा बहिणीला तसाच एक फिकट, थराथरांचा दगड दिसला. ती त्याच्याकडे निघाली आणि हातभर अंतरावर वाळूत रुतली. हिवाळा तोंडावर आलेला. पाठीवरच्या सौरपट्ट्यांवर धूळ. बॅटरीत एकाच कामापुरती शक्ती उरली होती. हात लांबवून दगड खरवडायचा, नाहीतर चाकं फिरवून उन्हाच्या उतारावर निघायचं.

सगळे मावशींकडे बघत राहिले.

“दगड कुठे पळून जातोय? पोरीला आधी उन्हात काढा.”

मग मला वाळूत पुरलं. मी धडपडले, घसरले आणि शेवटी बाहेर आले. चालकाने मला थोपटलं. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्यासाठी टाळ्या वाजल्या. त्याच आज्ञा जशाच्या तशा बहिणीला गेल्या.

मी निघाले होते. ती निघाली नाही.

एकच छायाचित्र आलं. चाकं आणखी खोल गेलेली, हात घडी करून छातीशी, आणि कोपऱ्यात तो दगड. त्यानंतर तिच्याकडून काही आलं नाही. मावशी माझ्या वाळूच्या कडेला बसून राहिल्या. हातात एक दगड होता, पण तो त्यांनी जिभेला लावला नाही.

आता मावशी नाहीत. चालक दुसऱ्या शहरात गेला. माझ्यावर ताडपत्री आहे आणि मला भंगारात काढायचं बोलणं कानावर येतं.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणीतरी एक दिवस तिथे जाल. आधी माझ्या बहिणीच्या अंगावरची धूळ पुसा. मग तिच्यासमोरचा तो दगड उचला. तुमच्या तिथल्या घरात आणा, हातमोजे काढा आणि जिभेला लावून बघा. हसू नका. आम्हाला ते कधीच जमणार नव्हतं.

तोवर मला मोडू देऊ नका. तो चिकटला का, हे कुणाला तरी ऐकायचं आहे.