सकाळीच सुटलेली बाई

निमंत्रणपत्रिका दोनदा वाचून अरुंधतीबाई टिपणीसांनी ती तिसऱ्यांदा डोळ्यांजवळ धरली, तेव्हा हेतलने पाण्याचा पेला खाली ठेवला.

"मॅम, काही चुकलंय का? स्पेलिंग वगैरे?"

"स्पेलिंग बरोबर आहे," अरुंधतीबाई म्हणाल्या. "माणूस चुकलाय."

हेतल पनवेलच्या एका नाट्यसंस्थेचं काम बघायची. टेलिव्हिजन नवं होतं त्या काळातले निर्माते दिनानाथ सबनीस यांची जन्मशताब्दी होती आणि त्यांच्या गाजलेल्या 'भट्टी' या नाटिकेचं जाहीर वाचन संस्थेने नाट्यगृहात ठेवलं होतं. पत्रिकेवर छापलं होतं, 'लेखन व निर्मिती : दिनानाथ सबनीस.' आणि खाली बारीक अक्षरांत, 'दोन शब्द : सरांच्या तत्कालीन सहायक श्रीमती अरुंधती टिपणीस.'

"मी त्यांची सहायक कधीच नव्हते. 'भट्टी' मी लिहिली. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत."

पोरीचा चेहरा उतरला. "पण सत्यजीत सरांनी, म्हणजे त्यांच्या मुलाने, टाइप केलेलं स्क्रिप्ट दिलंय मॅम. त्यावर वडिलांची सही आहे."

"सही करायला काय लागतं? पेन!"

हेतल गेली, पण पत्रिका टेबलावर राहिली. करंजाड्याच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात अरुंधतीबाई एकट्याच राहत. वय सत्त्याहत्तर. गुडघे कुरकुरत, पण जीभ अजून शाळेतल्यासारखीच चालायची. पनवेलच्या शाळेत त्यांनी पस्तीस वर्षं मराठी शिकवलं, आणि त्यातली तेरा वर्षं, आठवड्यातून एकदा एसटीने मुंबईला जाऊन, टेलिव्हिजनसाठी नाटिका लिहिल्या. बत्तीस. त्यातली एकही आज बघायला मिळत नाही. टेप महाग, म्हणून एका कार्यक्रमावर दुसरा चढवायचे. अरुंधतीबाईंच्या नायिकांवर कुठे शेतीचे सल्ले चढले, कुठे कुणाची मुलाखत.

त्याचं त्यांना फारसं वाईट वाटलं नव्हतं. नाटक म्हटलं की ते होतं आणि संपतं. पण 'भट्टी'चं दुखणं वेगळं होतं.

शहात्तर साल होतं. आणीबाणी. वेठबिगार मुक्त करण्याचा कायदा नुकताच झाला होता आणि टेलिव्हिजन केंद्राला त्यावर नाटिका हवी होती. दिनानाथ सबनीसांनी ती अरुंधतीबाईंना लिहायला सांगितली. त्या सत्तावीस वर्षांच्या होत्या. त्यांनी पुस्तकं चाळली नाहीत. त्यांच्या दारावर लाकडाची मोळी घेऊन साळू हिलम यायची. कातकऱ्यांची, वीटभट्टीवर राबलेली, तिथून पळून आलेली. अरुंधतीबाईंनी तिला ओट्यावर बसवलं, चहा दिला आणि चार दुपारी नुसतं ऐकलं. मग पंधरा दिवसांत 'भट्टी' लिहिली.

सबनीसांनी वाचली, मान डोलावली आणि म्हणाले, "शेवट बदला. साहेब जीपमधून येतो, 'आजपासून तुम्ही मुक्त' म्हणतो, सगळे टाळ्या वाजवतात. वरून तसंच हवंय."

"तसं झालंच नाही."

"झालं नाही म्हणून तर नाटक लिहायचं, बाई."

त्यांनी बदललं नाही. रेकॉर्डिंगच्या दिवशी सबनीसांनी स्वतःच टाइप केलेली नवी पानं नटांच्या हातात ठेवली. मुख्य काम करणाऱ्या कमळाबाई रंगभूमीवर केस पिकवलेल्या. मेकअपच्या खोलीत त्यांनी अरुंधतीबाईंना गाठलं. "पोरी, मी जुनं पाठ केलंय. काय बोलू?"

"तुम्हाला खरं काय वाटतं?"

"खरं तुझंच आहे गं."

"मग तेच बोला. जे होईल ते माझ्यावर घाला."

रेकॉर्डिंग एका दमात करायचं होतं, कारण पुढच्या तासाला स्टुडिओ बातम्यांना द्यायचा होता. शेवटच्या प्रसंगात कमळाबाई जुनंच बोलल्या. साहेब झालेला नट बावरून नुसता बघत राहिला, आणि तेच इतकं खरं वाटलं की कॅमेऱ्यामागची माणसंही गप्प झाली. वरच्या खोलीतून सबनीस ओरडत होते, पण पुन्हा करायला वेळ नव्हता. नाटिका तशीच प्रसारित झाली. कौतुकाच्या पत्रांचे गठ्ठे आले. श्रेयनामावलीत अरुंधतीबाईंचं नाव मात्र नव्हतं.

"तुमच्याच काळजीपोटी काढलं," सबनीस म्हणाले होते. "दिवस कसे आहेत बघताय ना? नोकरी जाईल तुमची."

पण दिवस पालटले, आणीबाणी उठली, धाडसाबद्दल सबनीसांचे सत्कार झाले, तेव्हाही ते नाव परत आलं नाही. अरुंधतीबाईंना दीड वर्ष कुणी बोलावलं नाही. पुढे नवा अधिकारी आला, तेव्हा त्या पुन्हा उभ्या राहिल्या. त्या काळी नावांच्या पाट्या हाताने रंगवून कॅमेऱ्यासमोर धरायचे. बाईंनी पनवेलच्या पेंटरकडून स्वतःची पाटी रंगवून घेतली, 'लेखन : अरुंधती टिपणीस', आणि प्रत्येक रेकॉर्डिंगला पिशवीतून घेऊन गेल्या. लोक हसायचे. हसू देत. पुढच्या एकवीसही नाटिकांना ती पाटी लागली.

संध्याकाळी त्यांनी सत्यजीतला फोन लावला. तो आता साठीचा. लहानपणी बापाचं बोट धरून स्टुडिओत यायचा आणि यांच्याकडून लिमलेटच्या गोळ्या घ्यायचा.

"मावशी, मी स्वतः बघितलंय. बाबा आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून 'भट्टी' लिहीत होते," तो म्हणाला.

"टाइप करत होते, सत्यजीत."

"तुमच्याकडे काही आहे का? हस्तलिखित? करारपत्र?"

"हस्तलिखित तुझ्या बापाने घेतलं ते दिलंच नाही. करारपत्र पुरात गेलं."

"मग कसं करायचं? सोडून द्या ना आता. या वयात कशाला त्रास करून घेता?"

"वयाचं सोड. तुझ्या वडिलांना मी तेव्हा भ्याले नाही, आता तुला काय भिणार?" म्हणत त्यांनी फोन ठेवला.

त्यांच्या बाजूने बोलेल असं एकच माणूस त्यांना आठवलं. साळू. तिला भेटून चाळीसेक वर्षं होऊन गेली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी रिक्षा केली आणि नेऱ्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या वाडीवर गेल्या. विचारत विचारत घर सापडलं. दारात विशीतली मुलगी उभी होती. प्राजक्ता, साळूची नात. आरोग्य उपकेंद्रात काम करायची; गणवेशाची साडी अजून अंगावरच होती.

"आजी गेली. करोनाच्या आधी दोन वर्सं," ती म्हणाली. मग नीट बघत, "तुमी त्या मास्तरीणबाई का? चहा पाजून बोलतं करणाऱ्या?"

अरुंधतीबाईंनी मान हलवली. प्राजक्ताने खुर्ची आणली.

"आजी लय सांगायची तुमचं. टीवीवर दाखवलं तवा ती पनवेलला वकिलाच्या खिडकीबाहेर उभी राहून बघत होती. आत कोन घेनार? तिचं बोलनं त्या बाईने जसंच्या तसं म्हटलं. साहेब म्हनतो तू सुटलीस, आन ती म्हनते, 'मी तं सकालीच सुटले, सायेब. तुमी आता आलाव.'"

"हो," अरुंधतीबाई म्हणाल्या. "हेच वाक्य त्यांना काढायचं होतं. मी काढू दिलं नाही. आणि आता ते म्हणतात, नाटिकाच माझी नाही. माझं नाव त्यांनी तेव्हाही लावलं नाही. तू येशील का माझ्याबरोबर? एवढंच सांगायचं, की आजी असं बोलली होती आणि ते मी लिहून घेतलं."

कोंबडी आत शिरत होती, तिला प्राजक्ताने पायाने हाकललं.

"बाई, एक इचारू? तुमचं नाव लावलं नाय. बरं. लावलं असतं, तं आजीचं लागलं असतं का?"

वर्गात पस्तीस वर्षांत असा प्रश्न अरुंधतीबाईंना कुणी विचारला नव्हता. त्यांनी जी पाटी रंगवून घेतली, हट्टाने मिरवली, तिच्यावर एकच नाव होतं. साळूचं नाव घालावं असं त्यांच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

"नसतं लागलं," त्या म्हणाल्या. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

"मंग मी कशाला येऊ?"

"माझ्यासाठी येऊ नकोस. मी तिथे माझ्यासाठी भांडणार आहे, ते मी सोडणार नाही. पण आता तिच्यासाठीही भांडेन. यायचं की नाही ते तू ठरव."

प्राजक्ता हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. रिक्षापर्यंत सोडायला मात्र आली.

कार्यक्रमाच्या दिवशी नाट्यगृह अर्धंअधिक भरलं होतं. बहुतेक पिकल्या केसांचे. अरुंधतीबाई पहिल्या रांगेत बसल्या. प्राजक्ता उशिरा आली आणि मागे, दाराशी उभी राहिली. बाईंनी मान वळवून पाहिलं तेव्हा तिने फक्त हात वर केला. वाचन सुरू झालं. नट चांगले होते. ओळ न ओळ आपली, ओठांवर येत होती. आणि शेवटच्या पानाशी अरुंधतीबाईंनी कान टवकारले.

साहेबाची जीप आली. साहेब म्हणाला, "आजपासून तुम्ही मुक्त!" सगळ्यांनी मिळून "सुटलो! सुटलो!" केलं आणि टाळ्या वाजवल्या.

अरुंधतीबाईंना हसूच आलं. सत्यजीतने बापाच्या फाइलमधली पानं जशीच्या तशी दिली होती. ती सबनीसांनी टाइप केलेली पानं, जी स्टुडिओत कुणी बोललंच नव्हतं. सही होती ती त्या पानांवर.

प्रेक्षागृहात चुळबुळ सुरू झाली. मधल्या रांगेतून एक गृहस्थ मोठ्याने म्हणाले, "अहो, शेवट असा नव्हता!" त्यांच्या शेजारची बाई म्हणाली, "ती काहीतरी सुनावते ना साहेबाला? आम्ही घरात महिनाभर बोलत होतो त्यावर."

अरुंधतीबाई उठल्या. कुणी बोलवायची वाट न बघता पायऱ्या चढल्या. गुडघे ओरडले, तर ओरडू देत. माइक ओढला.

"शेवट असा नव्हता. बरोबर आठवतंय तुम्हाला. आता ऐकलात तो शेवट दिनानाथ सबनीसांचा. ज्या शेवटासाठी त्यांचे सत्कार झाले, तो त्यांना नको होता. तो मी लिहिला. सगळी नाटिका मी लिहिली."

"मावशी, प्लीज, हा प्रसंग नाही," सत्यजीत विंगेतून पुढे आला.

"मग कुठला प्रसंग? माझी शोकसभा? मी सहायक नव्हते सत्यजीत. आणि तुझे वडील वाईट निर्माते नव्हते, तेही सांगते. पण लेखक नव्हते. त्यांच्या फाइलीत खरा शेवट असेल तर तू आत्ता वाचून दाखव."

सत्यजीतने हातातली फाइल उघडली नाही. त्याच्या चेहऱ्यावर राग होता, पण त्याखाली काहीतरी हललं होतं. टेबलावर बसून टाइप करणारा बाप त्याला पुन्हा दिसला असेल कदाचित.

"आता दुसरं," अरुंधतीबाई म्हणाल्या. "ते वाक्य माझंही नाही. ते साळू हिलम या बाईचं. भट्टीवरून ती स्वतः सुटली आणि मला येऊन तिने सांगितलं. माझं नाव गाळलं म्हणून मी पन्नास वर्षं जळत राहिले, आणि तिचं नाव मी स्वतः गाळलं होतं. याची लाज मला वाटते. तिची नात इथे आहे. तिला यायचं असेल तर ती येईल."

सगळी डोकी मागे वळली. प्राजक्ता क्षणभर दाराला टेकून राहिली. मग सावकाश चालत आली. माइक तिने हातात घेतला नाही. आवाज तिचा तसाच पोचत होता.

"मी तं सकालीच सुटले, सायेब," ती म्हणाली. "तुमी आता आलाव."

आधी मधल्या रांगेतले ते गृहस्थ उभे राहिले, मग बाकीचे.

आठवड्याने वकिलाची नोटीस आली, सत्यजीतकडून, अब्रूनुकसानीची. अरुंधतीबाईंनी पोस्टकार्डावर उत्तर लिहिलं, 'मी हयात आहे, करंजाड्यातच राहते आणि कोर्टात यायला मला भरपूर वेळ आहे.' त्यापुढे काही आलं नाही. संस्थेने सबनीसांच्या संहितांचं पुस्तक काढायचं ठरवलं होतं, हेतलने भांडून त्यातून 'भट्टी' बाहेर काढली आणि घरी येऊन विचारलं, "मॅम, खरी लिहून द्याल? वेगळी छापू."

बाईंनी ती आठवून पुन्हा लिहायला घेतली. रविवारी प्राजक्ता यायची. संवाद वाचायची आणि फुली मारायची. "आजी असं नाय बोलायची, बाई. हे तुमचं शाळेतलं झालं." अरुंधतीबाई चिडायच्या, वाद घालायच्या, व्याकरण काढायच्या. निम्म्या वेळा हरायच्या. पहिल्या पानावर दोन नावं ठरली, साळू हिलमचं वर.

पुस्तक छापायला जाण्याआधी वाडीवर एकदा वाचायचं, अशी प्राजक्ताची अट होती. अंगणवाडीच्या पडवीत बायका जमल्या. अरुंधतीबाईंनी स्वतः वाचलं, सगळ्यांच्या आवाजात. शेवटचं वाक्य म्हणायच्या आधी त्यांनी कंसातली सूचनाही वाचली, 'डोळे पुसत.'

"कोन डोले पुसतंय?" साळूची जाऊ गुणाबाई मागून म्हणाली. म्हातारीच्या तोंडात दात नव्हता. "मी व्हते तिथं. साळू रडली नाय."

"मग काय केलं तिने?"

"हसली. असं."

आणि गुणाबाई डोकं मागे टाकून एवढ्या मोठ्याने हसली की मांडीवरचं पोर दचकून उठलं. अरुंधतीबाईंनी पेन काढलं, 'डोळे पुसत' खोडलं आणि म्हणाल्या, "पुन्हा एकदा हसून दाखवा. मला नीट लिहून घेऊ दे."