आखूड मैदान

जयदीप रेडेकर धावायला लागला की कॉलेजचं मैदान आखूड व्हायचं. मधली रेषा सरकत यायची, गोलपोस्ट चार पावलं पुढं येऊन त्याच्यासाठी उभा राहायचा, आणि जयदीपनं चेंडू आत ढकलला की मुकाट्यानं आपल्या जागी परत जायचा. आता आखूड झालेलं मैदान कुठंतरी जायला हवंच. ते धैर्यशीलच्या वाट्याला यायचं.

याचं कोल्हापुरात कुणाला फारसं नवल वाटलं नाही. फुटबॉलच्या मैदानावर माणसांनी याहून पुष्कळ पाहिलेलं होतं. संघाचे कोच कदम सर तर हिशेबाची गोष्ट सांगावी तसं सांगायचे, "मैदानाचं माप ठरलेलं असतंय. एकाला कमी पडलं की दुसऱ्याला जास्त येणारच. बेरीज तीच." मग ते शिट्टी मारायचे आणि दोघं पुन्हा रेषेवर जाऊन उभे राहायचे.

दोघंही उजव्या बगलेचे खेळाडू. सात नंबरची जर्सी एकच, आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी अंतिम सामना. पेठेतली झाडून सगळी माणसं तो बघायला येणार होती. धैर्यशीलला लहानपणापासून दुसरं काही नको होतं. त्याला सात नंबर हवा होता, आणि खरं सांगायचं तर तो जयदीपला मिळू नये हे त्याहून जास्त हवं होतं.

गंमत अशी की बचाव फोडून बाहेर पडण्यात धैर्यशीलच पुढं होता. चेंडू पायात आला की तो दोन गड्यांच्या मधून असा सटकायचा की ते एकमेकांवर आपटायचे. पण एकदा पुढं मोकळं रान लागलं आणि समोर फक्त गोलकीपर उरला, की त्याच्या पायाखालचं मैदान लांबत जायचं. गोलपोस्ट आगपेटीएवढा दिसायला लागायचा. तोवर मागचे गडी येऊन चेंडू काढून न्यायचे, वर पाठीवर थापही मारायचे.

त्यानं काय करायचं बाकी ठेवलं होतं? कमरेला ट्रॅक्टरचा टायर बांधून ओढला. टेकडी चढून उतरला, उतरून चढला. गूळ-शेंगदाणे खाल्ले, कच्ची अंडी गिळली. मांड्या दगड झाल्या, आणि मैदान आणखी लांबलं.

"पळतोस झकास," कदम सर म्हणाले. "पण बाजूला बघतोस लेका तू."

"कुठं बघतोय, सर?"

"आत्ताबी बघालाईस."

धैर्यशीलनं मान सरळ केली. बाजूला जयदीप बुटाची नाडी बांधत होता.

हे मैदानापुरतं असतं तरी चाललं असतं. जयदीप गडहिंग्लजचा, कॉलेजच्या होस्टेलवर राहायचा, आणि तिथलं जेवण त्याच्या अंगी लागत नाही म्हणून धैर्यशीलच्या आईनं त्याला रविवारी घरी जेवायला बोलावलं होतं. मग बुधवारीही बोलावलं. आता तो रोजच यायचा. तो जेवायला बसला की स्वयंपाकघर आखूड व्हायचं. चूल अगदी त्याच्या ताटाशी यायची, तव्यावरची भाकरी थेट त्याच्या ताटात पडायची. धैर्यशीलचं ताट मात्र मागं मागं जायचं, पार न्हाणीच्या दारापर्यंत. तिथून त्याला आईचा आवाज नीट ऐकूही यायचा नाही.

"आणखी एक घे की रं," आई म्हणायची.

"घेतो," धैर्यशील ओरडायचा.

"तुला न्हाई. जयदीपला म्हणालीय."

जयदीप मात्र उठून, वाटी घेऊन, ते सगळं अंतर चालत त्याच्यापर्यंत यायचा. "रस्सा गार होईल भावा," म्हणायचा आणि ओतून परत जायचा. धैर्यशीलला त्याचा सगळ्यात जास्त राग यायचा तो इथं. माणसानं चांगलं असावं, पण किती, याला काही सुमार आहे की नाही?

एकदा जयदीपच्या उजव्या बुटाची शिवण उसवली. आईनं ती जाड पिवळ्या दोऱ्यानं घातली, दातानं दोरा तोडला आणि बुटावरून हात फिरवला. दोघांचे बूट एकाच दुकानातले, एकाच मापाचे, काळे. त्या पिवळ्या टाक्यांवरूनच आता जयदीपचे बूट ओळखू यायचे. धैर्यशील ते टाके बघत राहिला आणि त्याला वाटलं, आखूडपणा बुटात आहे. पायात नाहीच.

खंडेनवमीला जिमखान्यात पूजा मांडली. चेंडू, जाळ्या, हवा भरायचा पंप, सगळ्या संघाचे बूट, आणि सरांची शिट्टीसुद्धा. प्रत्येकाला हळदकुंकू, झेंडूचं फूल. पूजेतली वस्तू दसऱ्याला हलवेपर्यंत वापरायची नाही, तिला विश्रांती द्यायची, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. शिट्टी पूजेत म्हणून सर त्या दिवशी मोठ्यानं बोललेसुद्धा नाहीत. हळू आवाजात प्रसाद वाटला आणि घरी गेले.

दुपारी कॉलेज ओस पडलं. धैर्यशील जिमखान्याच्या खिडकीतून आत उतरला. जयदीपच्या बुटावरचं फूल त्यानं अलगद बाजूला ठेवलं. बूट हातात घेतले तर ते गरम होते आणि झोपलेल्या माणसासारखे संथ वर-खाली होत होते. त्यानं ते पायात चढवले.

मैदानावर येऊन तो धावला. एक पाऊल, दुसरं, आणि गोलपोस्ट छातीवर आला. तो फिरला आणि उलट धावला. एकाच पावलात पलीकडचा गोलपोस्ट. धैर्यशील मोठ्यानं हसला. इतक्या वर्षांत आपल्याला असं हसताच आलं नव्हतं, हे त्याला तेव्हा कळलं. तो येत राहिला, जात राहिला. बूट काही जागे झाले नाहीत. झोपेतच पळत होते, आणि झोपेतल्या माणसाला थांब म्हटलेलं ऐकू येत नाही.

मग खाली बसून त्यानं आईचे टाके एक एक करून उसवले आणि तोच पिवळा दोरा स्वतःच्या उजव्या बुटात घातला. टाके वाकडे पडले. जयदीपच्या बुटाची उघडी पडलेली शिवण त्यानं काळ्या दोऱ्यानं घातली. आपले बूट त्यानं जयदीपच्या जागी मांडले, जयदीपचे आपल्या जागी. फुलं जशीच्या तशी ठेवली.

सामन्याच्या सकाळी सरांनी दोघांना रेषेवर उभं केलं आणि टाळी वाजवली. टाळी विरायच्या आत धैर्यशील गोलमध्ये उभा होता. जयदीप कुठं दिसेना.

"सात नंबर तुझा," सर म्हणाले. त्यांनी जर्सी दिली तेव्हा ते त्याच्याकडं बघत नव्हते. डोळे बारीक करून मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडं बघत होते.

"सर, जयदीप?"

"येतोय की. त्याला जरा लांब पडालंय आज."

सामना सुरू झाला. जयदीपला डाव्या बगलेला घेतलं होतं, त्यामुळं सकाळच्या रेषेवरून निघालेला तो अजून वाटेतच असताना त्याचं नाव पुकारलं गेलं. पहिलाच चेंडू धैर्यशीलच्या पायात आला. तो दोघांमधून सटकला, पुढं मोकळं रान होतं, त्यानं पाऊल उचललं आणि गोल झाला. गोलपोस्ट या वेळी परत गेला नाही. दुसरा गोल झाला तेव्हा मधलं वर्तुळ पायपुसण्याएवढं उरलं होतं. बाकीचे खेळाडू जागा होईना म्हणून एक एक करून रेषेबाहेर जाऊन उभे राहिले. तिसऱ्या गोलला त्याला पाऊलही उचलावं लागलं नाही.

धैर्यशीलनं हात वर केले आणि टाळ्यांची वाट पाहिली.

टाळ्या पडल्या, आणि त्या थांबेनात. पेठेतली माणसं बाकांवर उभी राहिली होती. हलगी घुमायला लागली. आईसुद्धा आली होती, मांडीवर डबा घेऊन. तिनं कपाळावर आडवा हात धरला होता. सगळे बघत होते ते त्याच्या डोक्यावरून पलीकडं. तिकडं मैदान पार क्षितिजापर्यंत लांबलं होतं, हिरवंगार, आणि त्यावरून जयदीप धावत येत होता.

एवढं मोठं मैदान आजवर कुणाला धावायला मिळालं नव्हतं. त्याचं पाऊल पडताना आणि उचलताना दिसत होतं. गुडघा, कोपर, मान, सगळं दिसत होतं. इतके दिवस मैदानच आखूड व्हायचं, त्यामुळं जयदीप धावतो कसा हे कुणी धड पाहिलंच नव्हतं.

"काय पळतंय पोरगं," समोरच्या संघाचा गोलकीपर पोस्टला टेकून म्हणाला. मग धैर्यशीलच्या खांद्यावर बोट टेकवून म्हणाला, "जरा सरक की मर्दा. दिसंना."

धैर्यशीलनं खाली पाहिलं. फक्कीची पांढरी रेषा त्याच्या टाचांना लागली होती आणि बोटांनाही लागली होती. डावीकडं रेषा, उजवीकडं रेषा. सरकलं तर बाहेर.

"खाली तरी बस," मागून कुणीतरी म्हणालं. तो आईचा आवाज होता, आणि आज तो अगदी स्पष्ट ऐकू आला.

चेंडू मांडीवर घेऊन धैर्यशील खाली बसला. तिथूनही जयदीप नीट दिसत होता. धैर्यशीलचे बूट घालून तो धावत होता, आणि अजून एकदाही त्यानं बाजूला पाहिलं नव्हतं.